बाबांच्या सरणाला नवा कटर

बाबा सकाळी गेले आणि दुपारी मी परसात उभी राहून झाडं कापायच्या नव्या कटरची इंग्रजी पुस्तिका मोठ्याने मराठीत वाचून दाखवत होते. रडू येत नव्हतं. वाचता येत होतं, म्हणून वाचत होते.

साल दोन हजारच्या आसपासचं. जयगडच्या खाडीकाठी आमची वाडी. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. दारूच्या गुत्त्यावर, लग्नातल्या मानपानावर, वाडीच्या वरच्या टोकालाच नळ का, यावर. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, आणि कागदाची घडी नीट घालायला शिकले तीही त्यांच्यावरच. मोठी झाल्यावर मीही लिहू लागले, त्यांच्यापेक्षा कडक.

त्यांचं एक पत्रक वाडीत सगळ्यांना पाठ होतं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या आवारातला एखादा रायवळ आंबा तोडतात आणि त्याचं सरण रचतात. बाबांनी लिहिलं, मेलेल्यासाठी जिवंत झाड मारू नका. खाली स्वतःची सही करून जाहीर केलं की माझ्या सरणात ओल्या लाकडाची ढलपीसुद्धा पडणार नाही. वाडी महिनाभर हसली. "गुरुजी, मंग तुमास्नी काय रॉकेलात बुडवायचा?" असं कुणी विचारलं की बाबा परसात आडव्या पडलेल्या ऐनाकडे बोट दाखवायचे. वादळात पडलेलं झाड. "तो माझा," म्हणायचे.

तो ऐन दोन पावसाळे खाऊन पक्का वाळला होता. माणसं कुऱ्हाडी घेऊन त्याच्यावर बसली आणि कुऱ्हाडी उसळून परत येऊ लागल्या. फांद्या तुटल्या, बुंधा तसाच. नात्याने माझे चुलत आजोबा, वाडीतले सगळ्यात वडीलधारे, बांधावर बसून बघत होते.

"ऐन नाय गो ह्यो, कातळ हाय," ते म्हणाले. "आंब्याला हात लावूया. संध्याकाळी भरती हाय."

भरतीचा प्रश्न खरा होता. आमची स्मशानभूमी खाडीच्या कडेला, आणि तिकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते. एकदा पाणी चढलं की दुसऱ्या दिवसावर गेलं.

"आंबा नाही तोडायचा," मी म्हणाले. "बाबांनी छापून दिलंय."

"छापणारो आत झोपलाय बाय. उचलायचा आमाला हाय."

तेवढ्यात भाई आले. भाई म्हणजे खाडीकडच्या मोहल्ल्यातले, बाबांचे जुने विद्यार्थी, नुकतेच गल्फमधून कायमचे परतलेले. आंब्याच्या बागांची छाटणी धरायची म्हणून त्यांनी पेट्रोलवरचा कटर आणला होता, तो अजून खोक्यातच होता. ते खोकं खांद्यावर घेऊनच ते आले.

"गुरुजींचा ऐन मी कापतो," एवढंच म्हणाले.

मग पुस्तिका माझ्या हातात आली. भाईंना इंग्रजी वाचता येत होतं, पण ते पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑईल मोजत होते आणि हात तेलकट झाले होते. मी वाचलं: पेट्रोलच्या पहिल्या काही टाक्यांना तेल थोडं जास्त घाला. सुरू करून मंद चालू द्या. पहिल्या टाक्यांत पूर्ण रेस सलग देऊ नका. नवी साखळी ताणून सैल पडते, थोडं कापून थांबा, थंड झाल्यावर परत ताण बघा. गरम असताना घट्ट कराल तर थंड होताना आवळून बसेल.

"साखळीला तेल येतंय का ते कसं बघायचं?" भाईंनी विचारलं.

"साखळी फिरते त्या पट्टीचं टोक पांढऱ्या कशावर तरी धरायचं. तेलाची रेघ उमटली पाहिजे."

आमच्या घरात कागदाला तोटा नव्हता. मी आतून एक पत्रक आणलं आणि कोरी बाजू वर करून दगडावर ठेवलं. भाईंनी दोरी ओढली. तिसऱ्या-चौथ्या ओढीला कटर लागला, बायका ओटीवरून वाकून बघू लागल्या. कागदावर बारीक काळी रेघ आली.

भाईंनी ऐनाला पट्टी लावली. पिवळसर भुकटी उडाली, जळकट वास आला. हातभर काप गेला नाही तोवर मी हात वर केला. त्यांनी कटर बंद केला. साखळी पट्टीखाली लोंबत होती. आम्ही ती थंड व्हायची वाट बघत उभे राहिलो.

"काय, नमाज पढतोस काय मशीनचा?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"तुझ्या कुऱ्हाडीपेक्षा लवकर होईल," भाई म्हणाले. "बस गप."

थोडे लोक हसले. माणूस गेलेल्या घरीही लोक हसतात, त्यात वाईट काही नाही असं मला वाटतं. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. मी साखळीला बोट लावून बघितलं. अजून गरम होती.

असं बराच वेळ चाललं. कापायचं, थांबायचं, थंड करायचं, ताणायचं. दोन ओंडके सुटले. खाडीकडून वाऱ्याला ओलसर वास यायला लागला तसे आजोबा उठून उभे राहिले.

"अर्ध्या सरणाचा पण झाला नाय. पानी चढतंय."

भाईंनी घाम पुसला आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, फुल रेस देतो. एका दमात कापतो."

"पुस्तिकेत नको म्हटलंय."

"मला माहीत आहे काय म्हटलंय ते."

"आणि इंजिन गेलं तर?"

"गेलं तर गेलं. गुरुजी माझे."

ते गंमत करत नव्हते. बाबांनी त्यांना चौथीत शिकवलं होतं, घरी बसवून जेवू घातलं होतं. पण त्या खोक्यात त्यांचं परत येणं होतं. ते इंजिन जाम झालं असतं तर छाटणीचा हंगाम गेला असता, आणि हंगाम गेला की मुलांना सोडून पुन्हा गल्फला जाणं आलं असतं. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी अशा घरांवर पत्रकं लिहिली होती.

बाबांचं वचन होतं आणि समोर एक जिवंत माणूस होता. मी फार विचार केला असं म्हणणार नाही. डोकं पाणी भरलेल्या घागरीसारखं जड आणि गार होतं.

"आंबा तोडा," मी म्हणाले.

विहिरीजवळच्या रायवळाकडे सगळे वळले. भाई जागचे हलले नाहीत.

"ताई, गुरुजी काय म्हणतील?"

"गुरुजी गेलेत. तुम्ही कापा."

मी पुस्तिकेचं तेच पान पुन्हा वाचलं. नव्या साखळीला सुरुवातीला मऊ लाकूड, हलकं काम, असं तिथे लिहिलं होतं. आंब्याचं लाकूड मऊ आणि ओलं. कटर त्यात पाण्यात शिरावा तसा शिरला. जोर लावावा लागला नाही, रेस वाढवावी लागली नाही. मी तरी मधेमधे हात वर करत राहिले, ते थांबत राहिले, आम्ही साखळी ताणत राहिलो. झाड बाजूला कललं आणि विहिरीच्या कठड्याला न लागता पडलं. चीक वाहायला लागला. मी पुस्तिका मिटली नाही.

आजही मला कुणी विचारलं तर मी तेच करीन. तत्त्व माणसासाठी असतं हे मी पुढे अनेकदा लिहिलं, जोरात लिहिलं. त्या दुपारी मात्र माझ्याकडे वाक्यं नव्हती.

शेवटचा ओंडका सुटल्यावर भाईंनी कटर लगेच बंद केला नाही. थोडा वेळ मंद चालू ठेवला, इंजिन निवू दिलं. मग बंद केला, पट्टी फडक्याने पुसली आणि खोक्यात ठेवली. माणसं ऐन आणि आंबा एकत्र बांधून खाडीकडे निघाली. वाट अजून कोरडी होती.

मी ओटीवर गेले. आई बाबांच्या उशाशी बसली होती. मला बघून तिने मान वर केली.

"ऐन पुरला?"

"नाही. थोडा आंबा घ्यावा लागला. विहिरीजवळचा."

आईने बाबांकडे बघितलं. त्यांच्या अंगावरची चादर छातीवर नीट केली. मग माझ्याकडे झुकून, त्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"ह्यांना सांगू नको."

"नाही सांगत," मी म्हणाले. मीही आवाज खाली आणला होता.