फ्रीझरची पूजा

खारघरच्या आमच्या कॉलेजात सुचिता आणि मी एकाच विभागात होतो. म्हातारपणी माणसाचे स्नायू का झिजतात, हा तिचा विषय. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्यांची ऑपरेशनं होत, तेव्हा त्यांची परवानगी घेऊन ती मांडीच्या स्नायूचा हरभऱ्याएवढा तुकडा मागून आणायची. त्यापायी बर्फाचा डबा घेऊन हॉस्पिटलात ताटकळायची. लग्न, गावची जत्रा, सगळं राहून गेलं. "तुझा संसार फ्रीझरमध्येच," असं मी चिडवायची.

उणे ऐंशी अंशांच्या त्या फ्रीझरमध्ये तुकडे साठत गेले. दिवाळीनंतर त्यांची शेवटची तपासणी, मग पेपर, आणि पेपर छापून आला तरच कायमची नोकरी. कंत्राटावर केस पिकायला लागले होते बाईचे.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. त्या वर्षी सुचिताने हौसेने आईला आणलं. पुतळाबाई कोपरखैरण्याच्या जुन्या गावातल्या. उमेदीची वर्षं सगळी मिठागरावर गेली. लेक कुठे काम करते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. नवी साडी नेसून आल्या. फ्रीझरला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आम्ही प्रसाद घ्यायला बाहेर गेलो, तरी त्या हात जोडून तिथेच उभ्या होत्या. मग कुलूप लावून सगळे सुट्टीवर गेलो.

सुट्टी संपवून आलो तर फ्रीझरखाली पाणी. अलार्म कधीचाच बिघडलेला. तक्रारी करून सुचिता थकली होती. एकदा वितळलेला स्नायू म्हणजे शिळं मटण. एकही तुकडा कामाचा उरला नाही.

सुचिता घरी गेल्यावर आईने कौतुकाने विचारलं, "यंत्र चालू केलंस ना? नवमीला आपन फावरा-कोयता कामाला लावतो का? ता पन वरीसभर घुरघुरतंय बिचारं. मीच बटन बंद केलं, म्हटलं इसावा घेऊ दे."

सुचिता "हो" म्हणाली. कॉलेजात चौकशी झाली तेव्हा साफसफाई करताना आपणच बटण बंद केलं, असं तिने सांगितलं. अलार्म दुरुस्त न करणाऱ्या साहेबांनी गंभीर चेहरे करून तिचं कंत्राट संपवलं. मला इतका संताप आला होता! खरं काय ते तिने फक्त मला सांगितलं, तेही गळ्याची शपथ घालून.

आता ती सानपाड्याच्या एका क्लासमध्ये अकरावीला शिकवते. संशोधनाचं नाव काढलेलं तिला चालत नाही. परवा तिच्या घरी गेले, तर पुतळाबाई माझ्याजवळ सरकल्या.

"बाय, तू शिकलेली हायस. येवढ्या मनानं पूजा केली, तरी पोरीची नोकरी गेली. माझं काय चुकलं काय?"

सुचिता आतून लगबगीने आली. "काय नाय चुकलं, आये."

"मंग देवालाच डोले नाय," म्हणत पुतळाबाई लेकीला धरून रडायला लागल्या. सुचिता त्यांची समजूत काढत राहिली.