तपासणीच्या दिवशीचा नारळ

मी जात्याच घाबरट. ढग गडगडला तरी उशीत डोकं खुपसणारी. आणि नोकरी मिळाली ती नगरपालिकेच्या सांडपाण्याच्या प्लांटवर, पाणी तपासायची! रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा शहराचं सगळं सांडपाणी खाडीकाठच्या या प्लांटवर येतं, टाक्यांतून फिरतं, निवळतं आणि भिंतीपलीकडच्या पाइपातून खाडीत पडतं. त्या पाइपाच्या तोंडाशीच माझी आई ओहोटीला तिसऱ्या काढायला उतरायची. तिसऱ्या म्हणजे चिखलातले शिंपले. त्याच विकून तिने मला बीएस्सी केलं.

त्यामुळे बाकीच्यांना तपासणीची भीती नोकरीपायी वाटायची, मला आईपायी. माझ्या बाटलीत पाणी चांगलं यायचं, पण माझ्या बाटलीवर मीच कधी पुरता विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या कुणी तपासलं आणि ते वाईट निघालं, तर माझी आई एवढी वर्षं कशात उभी होती?

"आये, दुसरीकडे उतर ना गो," मी म्हणायची. ती हसायची. "तुजा बापूस वाऱ्यापावसात होडी घालायचा, आनि तू अशी भित्री भागूबाई कुठून निपजलीस?"

तपासणीचे साहेब येणार हे कळल्यापासून प्लांटवर चुन्याच्या बादल्या फिरत होत्या. आपल्याकडे सरकारी तपासणी म्हणजे आधी चुना! झाडांचे बुंधे, पायऱ्या, पंपांचे ओटे, सगळं पांढरं. प्लांट चालवणारा ठेकेदार देव पाण्यात घालून बसलेला. त्या सकाळी ऑपरेटरपासून वॉचमनपर्यंत ज्याच्या त्याच्या हातात ब्रश होता, टाक्यांकडे बघायला सवड कुणाला? मी लॅबमध्ये धुतलेल्या बाटल्या परत धूत होते. पहाटेचं पाणी मी तपासलं होतं, चांगलं होतं.

आई डबा घेऊन आली. माझं तोंड बघून म्हणाली, "चाय पन घेतली नायस ना?" मी मान हलवली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "काय होत नाय बाय. मी करतंय बरोबर." मला वाटलं, धीर देतेय. डबा ठेवून ती गेली.

साहेब आले ते अगदी हळू बोलणारे. ओरडणारा साहेब परवडला, अशा माणसाच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही. चुन्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ शेवटच्या टाकीवर गेले, आम्ही सगळे मागोमाग. या टाकीत पाणी संथ राहतं, गाळ तळाशी बसतो आणि निवळलेलं पाणी काठावरून ओसंडून खाडीकडे जातं. टाकीवरचा लोखंडी हात घड्याळाच्या काट्यासारखा सावकाश फिरत तळाचा गाळ खरवडत राहतो.

तो हात उभा होता. तळाचा गाळ काळ्या ढेकळांनी वर येत होता आणि काठावरून पाण्याबरोबर खाली चालला होता. अख्ख्या शहराची दुखणी त्या गाळात असतात, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"कधीपासून बंद आहे?" साहेबांनी विचारलं. ऑपरेटर चुन्याने माखलेल्या हातांनीच वाकला आणि लोखंडी हाताच्या टोकाशी अडकलेली वस्तू त्याने ओढून काढली. नारळ! शेंडीला लाल दोरा, त्याला बांधलेलं जास्वंद. आमच्याकडे होडी पाण्यात लोटताना देतात तस्सा. प्लांटवर खाडीकडची मी एकटीच होते. कोण टाकीपुढे गाऱ्हाणं घालून गेलं होतं ते मला त्या क्षणी कळलं. माझ्या लेकीला सांभाळ, दुसरं काय मागितलं असणार तिने?

एरवी मी पोट धरून हसले असते. पण मी भिंतीवरून खाली पाहिलं. ओहोटी लागली होती. पाइपाच्या तोंडाशी आई गुडघाभर पाण्यात वाकलेली, आणि ते काळं पाणी तिच्या पायांभोवतीच पसरत होतं.

"आत्ताच अडकलाय साहेब," ठेकेदार सांगत होता. "खाली काही गेलेलं नाही. विचारा या मॅडमना." डोळे वटारून तो माझ्याकडे बघत होता. मला फक्त होकाराची मान हलवायची होती, बस्स.

"आये!" मी बोंबललेच. "भायेर ये! पानी घान हाय! भायेर ये आधी!"

साहेब तडक खाली उतरले आणि पाइपाच्या तोंडाशीच त्यांनी बाटली भरून घेतली. ती भरताना बघूनच कळत होतं, आम्ही नापास.

मी धावत आईपाशी गेले. ती काठावर उभी होती, गुडघ्यांपर्यंत काळी. "कित्ती घाबरतंस गो," ती म्हणाली. "नारळ दिलाय मी. सगळा बरा होनार." मी तिच्या हातातली टोपली हिसकावली आणि तिसऱ्या चिखलात ओतून दिल्या. भीतीचा राग मला आवरेना. "अख्खी खाडी पडलीय! इथेच काय ठेवलंय मेलं तुझं?"

आई सांडलेल्या तिसऱ्यांकडे बघत राहिली. मी इतकी का चिडले, ते तिला खरंच कळत नव्हतं.

"बाकीच्या खाडीचा पानी कोन बघतो गो?" ती म्हणाली. "इकडचा तू बघतंस ना, म्हनून उतरतंय."