डिकीतलं पोतं

खून-दरोडे मी नोकरीत बरेच पाहिले, त्यातले कित्येक आता आठवतही नाहीत. पण एका जुन्या छोट्या गाडीचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. तेव्हा मी अकोल्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी पाहत होतो. तेवढ्यात गणिताचे एक निवृत्त शिक्षक अर्ज घेऊन आले. सारं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. आदल्या दिवशी बाळापूरच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीचं पुढचं डावं चाक आडवं झालं आणि गाडी नालीत उतरली. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचा, म्हणजे काकूंचा, हात मोडला. गुरुजींचं म्हणणं असं, की दोनच दिवसांपूर्वी त्यांनी गाडी मिस्त्रीकडे टाकली होती. पुढची चाकं धरून ठेवणारे दोन्ही आर्म गंजून खिळखिळे झाले होते, ते बदलायला सांगितले होते. मिस्त्रीने डावीकडे जुनाच ठेवून फसवलं. सोबतचे पुतणे तर मिस्त्रीला आत टाका म्हणूनच आले होते.

मिस्त्री चाळिशीचा, गुरुजींचाच विद्यार्थी. बोलावल्याबरोबर आला आणि बाकावर बसला. डावा आर्म बदलला का, विचारलं. नाही म्हणाला. का नाही बदलला? गप्प. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, सगळे प्रकार केले. शेवटी एवढंच म्हणाला, "साहेब, गुरुजी जे म्हन्तात ते लिहून घ्या. मले काही सांगाचं नाही."

मला वाटलं, झालं काम. गुन्हा नोंदला गेला की त्याचं गॅरेज बसल्यात जमा होतं. ज्याने चाकात दगा केला त्याच्याकडे कोण गाडी टाकणार? हे त्यालाही कळत होतं, तरी गडी तोंड उघडेना. मी ठाणे अंमलदाराला कागद तयार करायला सांगून जेवायला गेलो.

दुपारी फोन आला. मिस्त्रीच्या शेजारी वेल्डिंगचं दुकान चालवणारा माणूस होता, माझं नाव कुठे येऊ देऊ नका म्हणाला. त्याने एकच विचारलं, "साहेब, डिकीतलं पोतं पाह्यलं का तुमी?"

आमच्याकडच्या चांगल्या मिस्त्र्यांची एक रीत आहे. गाडीतून काढलेला जुना माल पोत्यात भरायचा, गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवायचा आणि त्याच्याच डिकीत टाकून द्यायचा, म्हणजे पुढे बोलाचाली होत नाही. मी स्वतः अशी पोती घरी नेली होती. आणि नालीतून ओढून आणलेली गाडी सकाळपासून ठाण्याच्या आवारात उभी असताना मी शहाण्याने डिकी उघडून पाहिली नव्हती!

पंच बोलावले, डिकी उघडली. सिमेंटचं पोतं होतं. आत एक आर्म, एक बॉल जॉइंट आणि फाटके रबरी बुश, सगळा एकाच बाजूचा माल. मग गाडीखाली वाकलो. उजवीकडे सगळं नवं कोरं होतं. डावीकडचा बोल्ट गंजून पार चिकटलेला, आणि पाना घसरून घसरून त्याचे कोपरे गोल झालेले. म्हणजे तो काढायला मिस्त्रीने जिवाचं रान केलं होतं.

गणिताच्या मास्तरला एक आणि दोन यातला फरक दिसला नाही, हे काही मला पटेना. गुरुजींना पुन्हा बोलावलं. गळ्यात हात बांधलेल्या काकूही आल्या. पोतं टेबलावर ठेवलं. गुरुजी खाली पाहू लागले. काकूंनी मात्र वाकून आत पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुमी तं मले दोनी बाजू झाल्या म्हटलं होतं?"

मग सारं बाहेर आलं. तो बोल्ट कापून काढायला आणखी एक दिवस लागणार होता आणि गुरुजींना भाचीच्या साखरपुड्याला वेळेवर पोचायचं होतं. मिस्त्री नको नको म्हणत होता. गुरुजींनी त्याला वर्गात दटावल्यासारखं दटावलं, डावी बाजू आल्यावर कर म्हणाले. काकू अर्धवट कामाच्या गाडीत बसल्या नसत्या, म्हणून त्यांना खोटं सांगितलं. दवाखान्यात प्लास्टर पडताना नातेवाइकांनी घेरलं आणि गुरुजींच्या तोंडून मिस्त्रीचं नाव निघून गेलं. मग मागे फिरायची लाज वाटली.

मी पुरवणी जबाब लिहायला घेतला. तेव्हा मिस्त्री दिवसभरात पहिल्यांदा आपणहून उठून जवळ आला. "साहेब, गुरुजी इसरले असं लिहा. खोटं बोलले असं नका लिहू."

दिवसभर जे मी गुन्हेगाराचं गप्प बसणं समजत होतो, ते हे होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. नियमात बसत नव्हतं, पण मी लिहिलं, 'पत्नीला खरं सांगायचं विसरलो.' वाचून दाखवलं, सहीसाठी कागद पुढे सरकवला. गुरुजींनी चष्मा लावला. पोरांच्या वह्या तपासायचे तशी 'खरं सांगायचं विसरलो' वर आडवी रेघ मारली, वर लिहिलं 'खोटं सांगितलं', आणि बाजूला सही केली. मग मिस्त्रीला म्हणाले, "माह्या चुकीपायी तुले बाकावर बसा लागलं रे, बाबू."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने आवारातच तो बोल्ट कापला आणि डावी बाजू नवी केली. जुना माल पोत्यात टाकला, तो काकूंनी स्वतः मोजून घेतला.

तेव्हापासून गप्प बसलेल्या माणसासमोर मी कधी टेबलावर हात आपटला नाही. तो कुणाची लाज झाकतोय, हे आधी पाहायचो. जबाबात खाडाखोड साहेब लोकांना चालत नाही. वरून सूचना आलीच, कागद पुन्हा स्वच्छ लिहून पाठवा म्हणून. मी मात्र तो होता तसाच राहू दिला.