जुन्या प्रेसची हाक

चाकणची ती कंपनी सोडून बरेच दिवस झाले. पण समीर शेख भेटला की एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा, आणि समोरचा चहा गार होतो!

समीर आमचा नेटवर्कवाला, पिंपरीचा. काम असं होतं की शॉपमधल्या, म्हणजे कारखान्यातल्या, सगळ्या मशीन एका स्क्रीनवर दाखवायच्या. जी दिसणार नाही ती भंगारात, असं मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलेलं. पत्रे दाबायची सगळ्यात जुनी प्रेस जाधवकाका चालवायचे. प्रेस गेली की काकाही घरी बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

*

प्रत्येक मशीन नेटवर्कवर सगळ्यांना 'मी आहे' असं ब्रॉडकास्ट करायची. त्या हाका ऐकणारं आमचं सॉफ्टवेअर होतं कंटेनरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्याच आत आखलेल्या एका वेगळ्या कप्प्यात. स्क्रीन कोरी!

"कंटेनर म्हणजे बंद केबिन," समीर म्हणाला. "नाव घेऊन फोन केला तर आत लागतो. बाहेर सगळ्यांना मारलेली हाक आत येत नाही."

आम्ही आमच्या बंद केबिनमधून बाहेर आलो तर चहाचा पुकारा होऊन गेलेला आणि किटली रिकामी!

*

मग त्याने कंटेनरला शॉपच्या नेटवर्कवर स्वतंत्र पत्ता दिला. आता मशीनच्या हाका पोचायच्या, पण ज्या कॉम्प्युटरवर कंटेनर चालत होता, त्याच्याशीच तो बोलेना.

"गावभर गप्पा आणि घरात अबोला," समीर म्हणाला. "भावा, हा माझ्यावर गेलाय!"

*

शेवटी कंटेनरला थेट कॉम्प्युटरचंच नेटवर्क दिलं. सगळ्या हाका आत! अकाउंट्सचा प्रिंटरसुद्धा मशीन म्हणून दिसायला लागला.

साहेब त्याच्यावर बोट ठेवून खूश. "ही दिवसभर चालू असते! ऑपरेटर कोण?"

"अकाउंट्सच्या मोरे मॅडम," मी म्हणालो.

*

आणि स्क्रीनवर जुनी प्रेस हिरवी झाली, म्हणजे चालू दिसली. काका स्क्रीनजवळ आले.

"ही दिसती. अन् आमी कुठं दिसतो हिच्यात?"

समीरने प्रेसचा नंबर पुसून तिथे 'जाधवकाका' असं टाइप केलं. काकांनी खिशातून चष्मा काढून ते पुन्हा वाचलं. आजही ते आठवलं की गलबलून येतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी साफसफाईसाठी प्रेस बंद केली. कंपनीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर सॉफ्टवेअरचा आपोआप मेसेज आला: 'जाधवकाका बंद पडले.'

स्टोअर, पेंट शॉप, कँटीन, जो तो धावत सुटला. सगळ्यात पुढे मॅनेजरसाहेब, हातात पाण्याची बाटली, डोळ्यांत पाणी.

काका ग्रीसचे हात पुसत प्रेसमागून बाहेर आले. एवढी गर्दी बघून घाबरले.

"काय झालं राव? कोण गेलं?"