खाप्याच्या चॅनलवर लिनक्स

खापा या गावी जाण्याआधी मी लिनक्स या कॉम्प्युटर सिस्टीमवर चालणारी मशीनं विकायला नागपूरभर केबलवाल्यांच्या ऑफिसांत लॅपटॉप घेऊन फिरायचे आणि पहिल्याच वाक्यात सांगायचे, "लिनक्स फुकट आहे." समोरचा माणूस चहा पाजून मला वाटेला लावायचा. रात्रंदिवस चालणारं चॅनल फुकटच्या सिस्टीमवर कोण सोपवणार?

खाप्याचं छोटं चॅनल एक नवरा-बायको चालवत. तो कॅमेरा आणि केबल बघायचा, ती बातम्या वाचायची. त्यांचा कॉम्प्युटर ऐन कार्यक्रमात अडकायचा. मी गेले त्याच्या आदल्याच दिवशी भागवत सप्ताहाच्या प्रक्षेपणात महाराजांचा आशीर्वादाला वर गेलेला हात पडद्यावर तसाच राहिला होता.

"मॅडम, आमच्या इथं लाइन केव्हाही जाते," तो म्हणाला. "इन्व्हर्टरबी दगा देते. मंग तुमचं लिनक्स काय करन?"

मी सोबत आणलेलं लिनक्सचं बिनबॅटरीचं मशीन त्यांच्या प्रसारणाला जोडलं, एक भजन लावलं. समोरच्या पानठेल्यावरच्या टीव्हीतही ते वाजू लागलं.

"आता प्लग काढा," मी म्हणाले.

"चालू चॅनलचा?" त्याचा हात पुढे होईना.

बायको उठली. "सरका बाजूले. रोज शिव्या मीच खातो, मीच काढतो."

तिनं प्लग ओढला. पडदा काळा झाला. पानठेल्यावरून कुणीतरी ओरडलं, "गेलं गा!" घरी हा प्रयोग कितीदा केला होता, पण तेव्हा सारं गाव बघत नव्हतं. तिनं प्लग परत लावला. कुणी बोट न लावता मशीन उठलं, पांढरी अक्षरं भराभर सरकली आणि तुटलं होतं त्याच कडव्यापासून भजन सुरू झालं.

ती नवऱ्याकडं बघून खळखळून हसली. "काहून हो, आता बोला ना!"

त्यानं स्वतः प्लग ओढून पाहिला. भजन पुन्हा आलं. मग त्यानं हळूच विचारलं, "उद्या तुमी नाही आल्या तं?"

"लिनक्सच्या आतलं सगळं सगळ्यांना उघडं असतं. कुणीही शिकून दुरुस्त करू शकतं. माझ्यावाचून अडणार नाही."

हे सांगून मी स्वतःचंच गिऱ्हाईक घालवते, असं मला वाटायचं. पण ते ऐकून बायकोनं खुर्ची मशीनजवळ ओढली. "मंग मलेच शिकवा."

ती शिकली. झपाट्यानं शिकली. संध्याकाळच्या बातम्या ती वाचते आणि मशीनही तीच सांभाळते.

यंदा नागपुरात जिल्ह्यातल्या केबलवाल्यांचा मेळावा भरला. मला चहा पाजून पाठवणारे बरेच जण पुढच्याच रांगेत होते. मी चार शब्द बोलले आणि माइक तिच्या हातात दिला. तिनं भर सभेत चालू मशीनचा प्लग ओढून दाखवला, तेव्हा टाळ्या थांबेनात.

नरखेडचा एक मालक उभा राहिला. "ताई, आमच्याकडं केव्हा येता?"

प्रश्न तिला होता. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"सोमवारी येतो," ती म्हणाली.