निळे बोळे

"हिचं बोलणं ऐकायचं तर बोळे काढायला लागतात, नि ही सांगते बोळे घाला."

हात धुण्याच्या नळांपाशी कोणीतरी म्हणालं आणि पाच-सहा जणी हसल्या. मी त्यांच्या मागेच इअरप्लगचं खोकं धरून उभी होते. मलाही हसू यायला हवं होतं, कारण ते खरं होतं. पण त्या सकाळी इअरप्लग घालण्याबद्दलची तीच चार वाक्यं मी तिसऱ्यांदा बोलून आले होते आणि हसायला लागणारी ताकदही शिल्लक नव्हती. मी खोकं खिडकीत ठेवलं आणि निघून गेले.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात सेफ्टी असिस्टंट म्हणून तो माझा पहिला हंगाम. माझं खरं काम म्हणजे बायकांच्या कानांची काळजी. रिकामे डबे माळ्यावरून पत्र्याच्या घसरणीने खाली येत. खाली उभ्या असलेल्या बायका ते उलटे करून, धुऊन पुढच्या पट्ट्यावर सोडत. पलीकडे झाकणं बसवणारं मशीन. पत्र्यावर पत्रा आपटण्याचा तो आवाज कानांपेक्षा दातांत जास्त जाणवायचा. आठ तास, हंगाम संपेपर्यंत, रोज.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं. इअरप्लग कानात कसा बसला पाहिजे हे मला परीक्षेत लिहिता यायचं, पण या बायकांना सांगताना शब्द पुरायचे नाहीत. भिंतीवर मराठी पोस्टर होतं, त्यात 'कर्णनलिकेत समाविष्ट करावे' असं लिहिलं होतं. ते मोठ्याने वाचायची मला लाज वाटायची. बायका इअरप्लगला बोळे म्हणायच्या, मग मीही बोळे म्हणायला लागले. अन्नाचा कारखाना म्हणून ते निळ्या रंगाचे. चुकून डब्यात पडले तर रसात लगेच दिसावेत.

आत जायच्या दारावर सुपरवायझर उभे असत. सगळे त्यांना दादा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, पण पाळी बदलताना शंभर बायका दहा मिनिटांत आत सोडायच्या, तर तो तरी काय करणार. बाई समोर आली की म्हणायचे, "बोळे?" ती मान वळवायची. टोपीच्या कडेखाली निळं दिसलं की "चल." मी शेजारी रजिस्टर घेऊन उभी. निळं दिसलं की नावापुढे बरोबरची खूण. रकान्याचं नाव होतं, 'योग्य बसले आहेत का'.

जवळ जाऊन कान बघायला हवा होता हे मला माहीत होतं. पण आईच्या वयाच्या बाईला टोपी वर करा म्हणायचं, तिच्या कानाला हात लावायचा, हे माझ्याने होईना. मागे रांग थांबलेली असायची. त्यामुळे मीही लांबूनच निळं बघायचे.

मेच्या शेवटी एकदा घसरणीखाली आवाज मोजायला मीच आत जाणार होते. भिंतीकडे तोंड करून मी शिकवल्याप्रमाणे केलं. बोळा बोटांत वळून बारीक केला, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढला, बोळा आत सरकवला आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरला. आवाज शेजारच्या खोलीत गेल्यासारखा झाला. कानांवर तळहात दाबून पाहिले, फरक पडला नाही, म्हणजे नीट बसले होते. मी दाराशी आले. दादांनी माझ्याकडे बघितलं.

"काय मॅडम, आम्हाला सांगता नि तुमचेच बोळे कुठायत?"

मागची एक बाई म्हणाली, "मॅडमना माफ असतं वो दादा."

मी टोपी वर करून कान दाखवला. "हां, हां, आहेत," ते म्हणाले. "पण जरा बाहेर ठेवा ना, दिसायला नको?"

आत गेल्यावर मी पहिल्यांदा त्या बायकांकडे बाजूला उभी राहून पाहिलं. एकीचेही बोळे आत नव्हते. कानाच्या तोंडाशी अडकवलेले, निम्म्याहून जास्त बाहेर, बाटलीला नुसतं टेकवलेलं बूच असावं तसे. त्यांनी कंटाळा केला असं कोणी म्हणू नये. ज्या आत घालत त्यांना दारावर थांबवलं जायचं, मान दोनदा वळवायला लागायची, म्हणून हळूहळू सगळ्याच बाहेर ठेवायला शिकल्या होत्या. आमच्या दारावर जितकं निळं जास्त दिसेल तितका बोळा बरोबर. आणि प्रत्येकीच्या नावापुढे माझ्या हातची खूण होती.

हंगाम आठ-दहा दिवसांचा उरला होता, माझे पाय दुखत होते, माझे वरचे साहेब बाहेरून तपासणीला आलेल्या पाहुण्यांत गुंतले होते. पुढच्या वर्षी बघू, असं स्वतःला सांगितलं. रजिस्टर रोज भरत राहिले.

घसरणीखाली सगळ्यात पुढे एक मावशी उभ्या असायच्या. कितीतरी हंगाम त्यांची तीच जागा. त्यांचा मुलगा बोटीवर होता आणि बोट बंदराला लागली की फोन करायचा. एका दुपारी बोळे काढून शेडमध्ये आम्ही जेवत होतो. मावशींच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट होती, त्यातली थोडी त्यांनी न विचारता माझ्या झाकणात टाकली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. तो शेजारणीने कोपराने ढोसल्यावर त्यांना कळला.

त्यांनी फोन कानाला गच्च लावला. "हो. हो रे. ये, ये. हो." दोन मिनिटं तेवढंच. मग फोन माझ्यापुढे धरला. "बघ गो बाय, काय बोलतोय तो. ह्या फोनाचा आवाजच गेलाय. गणपतीला येतोय ना, तेव्हा दुसरा आणायला सांगतेय."

फोन माझ्या हातात येण्याआधीच मला त्या मुलाचा आवाज ऐकू येत होता. स्वच्छ. "आई, ऐकतेस ना? गणपतीला नाही जमत गं. दिवाळीला बघतो." मी हॅलो म्हटल्यावर तो क्षणभर थांबला. म्हणाला, "तिला तेवढं सांगाल का? मी तीन वेळा सांगितलं, ती हो हो म्हणतेय."

मी मावशींना सांगितलं. "काय?" त्या म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं, त्यांनी कान पुढे केला. तिसऱ्यांदा मला ओरडावं लागलं आणि सगळी शेड आमच्याकडे बघायला लागली.

"नाय येत?" मावशी म्हणाल्या. मग हसल्या. "नि मी बापडी हो, हो, ये, ये करतेय. तो म्हणाला असंल, म्हातारी खुळावली."

"खुळावलेली तर तू आधीपासून हायस," शेजारीण म्हणाली. मावशींनी ते ऐकलं नाही, नाहीतर उत्तर दिलं असतं. त्या भाकरीचा तुकडा मोडून डब्यातच फिरवत बसल्या होत्या.

कानाचं जे गेलं ते परत येत नाही. हे वाक्य मी परीक्षेत लिहून त्याचे मार्क मिळवले होते. उरलेलं जपता येतं, हे त्याच्याच पुढचं वाक्य.

जेवण झाल्यावर घंटा वाजली आणि दारावर पुन्हा रांग लागली. मावशी पुढे आल्या. "बोळे?" दादा म्हणाले. मावशींना प्रश्न ऐकू यायची गरज नव्हती, त्यांनी सवयीने मान वळवली. टोपीखाली मोठ्ठं निळं दिसत होतं.

"चल. मॅडम, घ्या खूण."

माझं पेन रकान्यावर होतं. मागून कोणीतरी "काय झालं गो?" म्हणालं. मी रजिस्टर मिटलं आणि खिडकीत ठेवलं.

"नाही दादा," मी म्हणाले. "निळं दिसतंय म्हणजे बोळा बाहेर आहे. आतापर्यंतच्या माझ्या सगळ्या खुणा चुकीच्या आहेत, मी कोणाचाच कान बघितलेला नाही. साहेबांना मी सांगते. मशीन थांबू दे जरा. मावशी, टोपी वर करा, मी घालते तुमच्या कानात."