नोंदवहीत नसलेलं अपील

वसईजवळच्या गिरीज गावच्या जयवंतीताई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या २००१ साली, एका रविवारी. मी तेव्हा हायकोर्टात गरीब कैद्यांच्या बाजूने सरकारी मदतीतून काम करायचे. चर्चमधली मिस्सा आटोपून मी नंदाखालच्या माझ्या घरी पोचते न पोचते तोच त्यांनी विचारलं, "रोझमेरीबाई, तुम्ही हेबिअस कॉर्पस करता का?"

शब्द पाठ करून आल्या होत्या. वसई कोर्टाबाहेर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की तो अर्ज टाकला की सरकारला माणूस आणून समोर उभा करावा लागतो.

"समोर उभं करतात ना? मग तेवढंच करा. पुढचं पुढे."

मला सांगावं लागलं, की कोर्टानेच शिक्षा दिली असेल तर तो अर्ज चालत नाही. तिथे अपीलच लागतं.

"ते तर सहा वर्षांमागेच केलंय. नंबर लागत नाही."

त्यांचे यजमान रामचंद्र हे वाडीवाले, म्हणजे केळी आणि भाजी लावणारे. १९९३ मध्ये शेजारच्या वाडीतला एक माणूस बावखलात मरून पडलेला सापडला. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीला पाणी पुरवणारं तळं. त्याच्या डोक्यावर घाव होता. आदल्या दिवशी पाण्याच्या पाळीवरून रामचंद्रांचं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं, ते अर्ध्या गावाने ऐकलेलं. पोलिसांना घरात केळीचे घड कापायचा कोयता मिळाला, तो तर प्रत्येक वाडीत असतोच. ठाण्याच्या सेशन्स कोर्टाने १९९५ मध्ये जन्मठेप दिली आणि रामचंद्र नाशिकच्या तुरुंगात गेले. त्यांना पकडलं तेव्हा मुलगी पिंकी जेमतेम दोन वर्षांची होती.

मी हायकोर्टातल्या नोंदवह्या काढायला लावल्या. कारकुनाने १९९५ पासूनचं एकेक पान उलटलं. रामचंद्रांचं नाव कुठेच नव्हतं. त्यांच्या वकिलाने सह्या घेतल्या होत्या आणि कागद कपाटात ठेवून दिले होते. अपिलाची मुदत साठ दिवसांची.

बाहेरच्या बाकावर मी हे जयवंतीताईंना सांगितलं.

"म्हणजे आम्ही रांगेत उभेच नव्हतो?"

"नाही."

"आणि मी दर भेटीला ह्यांना सांगत होते, आता आलाच आपला नंबर."

वकिलाला त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. दर दोन महिन्यांनी नाशिकला जाऊन, जाळीपलीकडच्या नवऱ्याला वीस मिनिटांत आपण खोटी आशा देत राहिलो, हेच त्यांना लागलं होतं.

आता आधी उशीर माफ करून घ्यायला हवा होता. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, न्यायमूर्तींनीही विचारलं, "सहा वर्षं या लोकांनी चौकशीच केली नाही?" मी त्यांच्या आधीच्या वकिलाची पोस्टकार्डं पुढे केली. जयवंतीताईंनी पाठवलेल्या प्रत्येक पत्राला आलेलं उत्तर त्यांनी जपून ठेवलं होतं. अकरा कार्डं होती, सगळ्यांवर जवळपास एकच ओळ: 'अपील दाखल आहे, काळजी नसावी.' न्यायमूर्तींनी ती एकेक करून वाचली. अपील दाखल करून घ्यायची परवानगी मिळाली.

सुनावणीला आणखी तीन वर्षं गेली. कोयत्यावर रक्त सापडलं होतं, पण ते माणसाचं, एवढंच तपासणीत सांगता आलं होतं. कुणाचं, ते नाही. रामचंद्रांना बावखलाकडे जाताना पाहिलं असं सांगणाऱ्या साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी दोन महिन्यांनी घेतला होता. २००४ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. खून कुणी केला ते कधीच कळलं नाही.

महिन्याभराने मी गिरीजला गेले. पिंकी शाळेत होती, रामचंद्र वाडीत. जयवंतीताईंनी चहा दिला आणि शेजारी बसल्या.

"पोरगी बापाला अजून 'तुम्ही' म्हणते," त्या म्हणाल्या. "म्हणू दे. होईल सवय."

मग हळूच बोलल्या, "बाई, मला अजून एक मूल हवं होतं. शिक्षा झाली तेव्हा मी बत्तीसची. दर वर्षी मनाशी म्हणायचे, यंदा लागेल अपील, अजून वय आहे. त्या वकिलाने तेव्हाच सांगितलं असतं नाही म्हणून, तर मी निदान वर्षं मोजत बसले नसते. आता एक्केचाळीस."

कायद्यात मुदत टळली तर माफी मागता येते, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते?

तेवढ्यात केळीतून रामचंद्रांची हाक आली, "जयू!"

त्या जागच्या हलल्या नाहीत. ऐकू गेलं नसेल असं वाटून मी म्हटलं, "ताई, हाक मारतायत."

"ऐकली," त्या म्हणाल्या. "अजून एकदा मारू देत."